पहिला सिनेमा लेकीचा, दुसरा तुमचा

*ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मला साडेचार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा आहे. मे महिन्यात पुण्याहून माझी नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन येणार आहे. एक दहा वर्षांचा, एक बारा. ती आली की पहिल्याच रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं, असं तिने फोनवरच ठरवून टाकलंय. सिनेमा हिंदी, मारधाडीचा. मुलीने अजून थिएटर पाहिलेलं नाही. यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला नेलं, तर तिने कान दाबून आकांत मांडला. उचलून घरी आणावी लागली. तेव्हापासून घरात तिला 'भित्री' म्हणतात. पण साखर पेठेत माझ्या माहेरी शेजारी दिवसभर माग चालतात, तिथे ही दुपारी बिनघोर झोपते! हे म्हणतात, 'रडली तर बाहेर आणू, त्यात काय एवढं.' सासूबाई म्हणतात, 'आम्ही तान्ह्या पोरांना मांडीवर घेऊन टॉकीजला तीन-तीन तास बसायचो.' मी नको म्हटलं तर मीच नाट लावते असं होईल. आणि खरं सांगू का, मुलगी झाल्यापासून मी स्वतः थिएटरात एकही सिनेमा पाहिलेला नाही. मलाही जायचंय. काय करू? आणि मुलांना थ्री-डी चालतं का, तेही सांगा.*

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात खरं तर दोन सिनेमे आहेत. एक लेकीचा, आयुष्यातला पहिला. दुसरा तुमचा, साडेचार वर्षं राहून गेलेला. दोन्ही व्हायलाच हवेत. फक्त एकाच संध्याकाळी दोन्ही उरकायला जाऊ नका. नणंदबाईंनी ठरवलेल्या सिनेमाला लेकीला नेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. तुम्ही स्वतः मात्र त्याला जरूर जा.

आधी त्या 'भित्री' शब्दाचं बघू, कारण सगळ्यात आधी तो थांबायला हवा. मागाच्या शेजारी झोपणारी मुलगी दारूकामाला घाबरते, यात कोडं काहीच नाही. मागाची खटखट कितीही मोठी असली तरी एका लयीत चालते. पुढचा ठोका कधी पडणार हे कानाला ठाऊक असतं, त्यामुळे थोड्या वेळाने शरीर त्याची दखल घेणं सोडून देतं. दारूकामात आधी अंधार, गर्दी, मग क्षणभर शांतता आणि अचानक छातीत धडकणारा दणका. अशा दणक्याला दचकणं हे शरीराचं काम आहे, त्यात धीटपणा-भित्रेपणाचा प्रश्न येत नाही. साडेचार वर्षांच्या मुलीला तो दणका कुठून आला, पुन्हा येणार का, आपल्यावर पडणार का, यातलं काहीच कळत नसतं. तिने कान दाबले, म्हणजे आपल्याला काय त्रास होतोय हे तिला नेमकं समजलं होतं.

आता बघा, मारधाडीचा सिनेमा म्हणजे तरी काय? अंधार, गर्दी, शांतता आणि दणके. तेही चारी भिंतींतून, आणि मैदानासारखी पळायला मोकळी जागा नाही. तिला हे झेपेल का, याचं उत्तर गड्ड्याने जानेवारीतच दिलंय.

ती समोर नसताना घरातल्या सगळ्यांना, नणंदबाईंच्या मुलांनाही, प्रेमाने पण ठामपणे सांगा की हा शब्द यापुढे नको. मुलं आपल्याबद्दल जे ऐकतात तसंच वागायला लागतात, आणि मग खरोखरच पाण्याची, काळोखाची, नव्या शाळेची भीती सुरू होते.

भीतीचं आणखी एक सांगते, सिनेमा निवडताना उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्राध्यापक जोआन कँटर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलं. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं दिसण्याला घाबरतात. चेहरा विद्रूप झाला, माणसाचा राक्षस झाला, की संपलं. तो राक्षस मनाने चांगला आहे, हे त्यांच्या लेखी गौण. मोठी मुलं याच्या उलट, प्रत्यक्षात काय घडू शकेल याला घाबरतात. म्हणून तुमच्या भाच्यांना ज्या प्रसंगात मजा वाटेल, त्याच प्रसंगाला तुमची लेक किंचाळेल, आणि दोघंही आपापल्या वयाप्रमाणे अगदी बरोबर असतील. दुसरं असं की 'अगं, खरं नाहीये ते, खोटं खोटं आहे' या समजावणीचा या वयात फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो कुशीत घेण्याचा, हात धरण्याचा, घोटभर पाण्याचा. अंधारात बसून पटवून देत राहू नका, जवळ घ्या.

सिनेमाच्या सेन्सॉर प्रमाणपत्राकडे आपल्याकडे कुणी फारसं बघत नाही. बघायला हवं. 2023 साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'यूए'चे तीन भाग झाले: यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+. त्या वयाखालच्या मुलाला सिनेमा दाखवायचा की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचं, असा त्याचा अर्थ. दारावर कुणी अडवत नाही. 'ए' असेल तरच 18 वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो, मग आईवडील सोबत असले तरीही. दारावर अडवलं नाही म्हणजे चालतं, असं आपण गृहीत धरतो. पण यूएमध्ये दारावरचं काम कायद्याने तुमच्यावर सोपवलंय. तुम्ही ज्या सिनेमाबद्दल लिहिलंय तो 13+ किंवा 16+ निघाला, तर दहा-बारा वर्षांच्या भाच्यांसाठीही नणंदबाईंनी एकदा विचार करावा. हे त्यांना तुम्ही सांगू नका, तिकीट काढताना प्रमाणपत्र आपसूक दिसतं, तेवढं त्यांच्या नजरेस आणून द्या. शिवाय सिनेमात सिगारेट-तंबाखू असेल तर सुरुवातीला आणि मध्ये आरोग्याच्या इशाऱ्याची चित्रफीत दाखवणं 2012 पासून सक्तीचं आहे. तोंडाच्या कर्करोगाची ती दृश्यं मोठ्यांनाही बघवत नाहीत.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी खरोखरच मुलं मांडीवर घेऊन सिनेमे पाहिले असणार. पण ते टॉकीज वेगळं होतं. आवाज पडद्यामागच्या कर्ण्यांतून यायचा, पंखे घरघरायचे, दारं उघडमीट व्हायची, अर्धं थिएटर एकमेकांशी बोलत असायचं. आजच्या बंदिस्त, एसी थिएटरात आवाज समोरून, बाजूने, मागून आणि काही ठिकाणी डोक्यावरूनही येतो. धमाक्याच्या क्षणी तो 100 डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी सुरक्षित मानते ती पातळी 75 डेसिबलची, तीही आठवड्याला एकूण 40 तासांच्या हिशेबाने. एका सिनेमाने कुणाचे कान जात नाहीत, घाबरू नका. पण तीन तासांच्या दणदणाटात लहान मूल चिडचिडं का होतं, ते यावरून कळेल. कानात कापसाचे बोळे घालून विशेष फरक पडत नाही. मुलांसाठी कानावर बसणारे जाड इअरमफ मिळतात, ते चालतात. सासूबाईंना हे सगळं हिशेबासकट सांगत बसू नका. 'आई, आताचे आवाज फार मोठे झालेत हो' एवढं म्हटलं तरी पुरे. टीव्हीवरच्या जाहिरातीचा आवाज वाढला की त्यांनाही नकोसं होतंच की.

दीड वर्षाच्या बाळाबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, तरी सांगते: त्याला दोन्ही सिनेमांना घरी ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आणि व्यवहाराचं बघायचं तर तुमचा सिनेमा लॉबीत बाळाला थोपटण्यात जाईल. सासूबाईंना मुलं सांभाळायची हौस आहे, हे त्यांच्या वाक्यातच दिसतंय.

आता लेकीचा सिनेमा. तो नणंदबाईंच्या रविवारच्या आधी व्हावा, हे महत्त्वाचं. नाहीतर सगळे नटूनथटून निघतील आणि ही दारात रडत उभी राहील. तिचा सिनेमा आधीच पाहून झाला असेल, तर 'माझा झाला, आता तुमचा' असं तिला भावंडांना ऐटीत सांगता येईल.

निवडायचा तो 'यू', म्हणजे सगळ्या वयांना चालणाऱ्या प्रमाणपत्राचा, दीड-पावणेदोन तासांचा. ॲनिमेशन आहे म्हणजे सौम्यच असणार असं धरून चालू नका. मुलांच्या कितीतरी सिनेमांत सुरुवातीलाच आई मरते नाहीतर पिल्लू हरवतं, आणि या वयात राक्षसाइतकीच धडकी आई हरवण्याची भरते. आधी पाहून आलेल्या कुणाला तरी विचारा. मुलांचा सिनेमा दुसऱ्या आठवड्यात बहुतेक एकाच खेळावर येतो, म्हणून फार थांबून चालत नाही. पण शनिवार-रविवारही टाळा. मधल्या वाराचा सकाळचा खेळ घ्या. थिएटर अर्धं रिकामं असतं, मुलीची झोप झालेली असते, आणि तिने मोठ्याने काही विचारलं तरी कुणी मागे वळून बघत नाही. संध्याकाळच्या खेळाला ती मध्यंतरापर्यंत पेंगुळते आणि नेमकी मोठ्या आवाजाने जागी होते. तीन वर्षांच्या पुढे बहुतेक ठिकाणी पूर्ण तिकीट लागतं, ते काढाच. तिची स्वतःची खुर्ची हवी.

सिनेमा बहुधा हिंदीत डब केलेला असेल. घरात मराठी बोलणाऱ्या साडेचार वर्षांच्या मुलीला ते भराभर संवाद निम्मे कळतील. म्हणून दोन-तीन दिवस आधी रात्री झोपताना तिला ती गोष्ट मराठीतून सांगून टाका, शेवटासकट. आपल्याला शेवट आधी कळला तर मजा जाते, मुलांना उलट धीर येतो. 'ते पिल्लू हरवतं ना, मग त्याला आई सापडते' हे ठाऊक असेल तर हरवण्याचा प्रसंग ती निभावून नेते. त्याच एखाद्या रात्री खोलीतले दिवे मालवून, पडदे ओढून, दहा मिनिटं टीव्हीवर काहीतरी साधं बघा. अंधार आपण करतो आणि आपणच घालवतो, एवढं तिला कळलं की झालं. हुतात्मा स्मृती मंदिरात एखादं बालनाट्य लागलं असेल तर आधी तिथे नेणं सगळ्यात उत्तम. दिवे तिथेही मंद होतात, पण समोर खरी माणसं असतात आणि आवाज माणसांचा असतो.

त्या दिवशी घरूनच खाऊन निघा. शेंगापोळी, दूध, जे आवडतं ते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये बाहेरचं खाणं रोखण्याचा थिएटरवाल्यांचा अधिकार मान्य केला. पिण्याचं पाणी मोफत द्यावं आणि लहानग्यासाठी आईबापाने आणलेलं बेताचं खाणं आणू द्यावं, हेही त्यात आहे. त्यामुळे पाणी मागायला संकोचू नका. पॉपकॉर्नबद्दल मात्र सावध राहा. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न आणि अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. आपल्या सोलापुरात पोरांच्या मुठीत शेंगदाणे सहज दिले जातात, म्हणून मुद्दाम सांगते. तुमची लेक त्या वयाच्या जेमतेम पलीकडे आहे. तिला ताठ बसवून, दोन-दोन दाणे द्या. हसताना, खुर्चीत लोळताना नको. बाहेर मे महिन्याची काहिली आणि आत एसीचा गारठा, तेव्हा पिशवीत एक पातळ चादर असू द्या. अंगावर घ्यायला आणि तोंड लपवायलाही तिचा उपयोग होतो.

थिएटरात दिवे चालू असतानाच शिरा. तिला चालत पडद्यापर्यंत जाऊ द्या, खुर्च्या मोजू द्या, बाहेर जायचं दार कुठे आहे ते दाखवा. मधल्या किंवा जरा मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या घ्या, पण भिंतीवरच्या कर्ण्याला अगदी खेटून नको. घडीच्या खुर्चीचं तेवढं बघा. पंधरा-सोळा किलोचं मूल मागे रेललं की बैठक मिटते, गुडघे हनुवटीला लागतात आणि पोर त्या फटीत अडकतं. मोठी माणसं हसतात, मूल घाबरतं. बूस्टर सीट आहे का विचारा. नसेल तर बैठकीच्या कडेवर तुमचा हात किंवा पिशवी ठेवा. सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं, तेव्हा ती बालवाडीतल्यासारखी ताठ उभी राहील. एवढ्या अनोळखी जागेत ओळखीचं काहीतरी भेटलं, याचा तिला मोठा आधार वाटतो. ट्रेलरचा आवाज मात्र पुष्कळदा सिनेमापेक्षा मोठा असतो. तिने कान दाबले तर दोघी बाहेर लॉबीत जा आणि सिनेमा सुरू होताना परत या.

शू मध्यंतराच्या पाच मिनिटं आधीच करून आणा, नंतर रांग लागते. आणि हात वाळवायचं ते भिंतीवरचं यंत्र तिथे असेल तर त्यापासून लांब ठेवा. त्याच्या एकाएकी सुटणाऱ्या घोंघाटाला मुलं सिनेमापेक्षाही जास्त दचकतात. रुमाल असतोच आपल्याकडे.

'रडली तर बाहेर आणू' असं तुमचे यजमान म्हणतात, ते निम्मं बरोबर आहे. मी एवढंच म्हणेन की रडण्याची वाट बघू नका. ती गप्प झाली, अंग आक्रसून घेतलं, पडद्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला लागली, की विचारा, 'जायचं का बाहेर जरा?' कुणी उठायचं हे घरूनच ठरवून या, तिथे अंधारात 'तू जा, मी जातो' नको. बाहेर आल्यावर परत आत यायचं की घरी जायचं, ते तिला ठरवू द्या. ती घरी जायचं म्हणाली तर निमूट रिक्षा करा. 'एवढे पैसे घातले' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका, आणि रडायचं थांबावं म्हणून हातात मोबाइलही देऊ नका. चाळीस मिनिटं बघून आली तरी तिचा पहिला सिनेमा झाला. उरलेली गोष्ट तिला येतेच, तुम्ही सांगितलेली आहे.

संपल्यावर लगेच भर उन्हात पडू नका. दोन मिनिटं लॉबीत थांबा, डोळे निवळू द्या. पुढचे दोन-तीन दिवस ती तीच तीच गोष्ट सांगेल, चित्रं काढेल, कदाचित एखाद्या रात्री दचकून उठेल. ऐकून घ्या, जवळ झोपवा. आठवड्याच्या पुढेही झोप उडत राहिली तर पुढचे सिनेमे काही महिने लांबवा.

मग येतो तुमचा रविवार. त्या संध्याकाळी आजी-आजोबांनी दोन्ही मुलांना सिद्धेश्वर तलावाच्या काठी किंवा किल्ल्याच्या बागेत फिरवून आणावं, येताना भेळ नाहीतर आइस्क्रीम, आणि तुम्ही नणंदबाईंबरोबर बिनधास्त जावं. आई झाल्यावर सिनेमा बघावासा वाटतो, हे पत्रात तुम्ही शेवटी, चोरून केल्यासारखं लिहिलंय. चोरून नका लिहू. ती इच्छा रास्त आहे, आणि लेकीला मांडीवर घेऊन, तिचे डोळे झाकत बसून ती पुरी होणार नाही. नणंदबाईंना आजच फोन करून सांगा: 'वन्सं, रविवारी मी नक्की येतेय, माझं तिकीट काढा. पोरांना आईंकडे ठेवतेय. लेकीला तिच्याजोगता सिनेमा आधी दाखवून आणणार आहे. तुम्ही लवकर आलात तर तुमच्या धाकट्यालाही नेईन.' यात कुणाला नाट लावल्यासारखं वाटायला जागाच उरत नाही.

राहता राहिला थ्री-डीचा प्रश्न. पहिल्या खेपेला नको. तो चष्मा मोठ्यांच्या मापाचा असतो, लहान नाकावरून घसरतो, आणि काढला की पडदा पुसट, दुहेरी दिसतो. त्यात वस्तू थेट अंगावर येतात, म्हणजे दारूकामच पुन्हा. एकाच सिनेमाचे टू-डी आणि थ्री-डी असे वेगळे खेळ असतात आणि घाईत चुकीचं तिकीट निघतं, तेव्हा पैसे भरण्याआधी वेळेसमोर काय लिहिलंय ते नीट बघून घ्या.